डब्यातला नवरा

लग्नानंतरच्या पहिल्याच मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, नंदाबाईनं नवऱ्याचं, श्यामलालचं नाटक पाहायला माहेरच्या चार मैत्रिणी मुद्दाम बोलावून घेतल्या होत्या. "मुलगा नाटकात असतो," असं सोयरीक जुळताना सांगितलं गेलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. चौघींना पुढे बसवून नंदाबाई मान उंच करून वाट पाहत राहिली. पहिल्या अंकात इन्स्पेक्टर आला, तो श्यामलाल नव्हता. दुसऱ्या अंकात डाकू आला, तोही नव्हता. तिसऱ्यात एक मढं आणून ठेवलं, तिनं त्याचंही तोंड निरखून पाहिलं. शेवटी पडदा पडला, लोक चादरी झटकून उठले आणि मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "तुमी होते कोठी?"

"खाली."

"खाली म्हंजे?"

"खड्ड्यात. सांगणारा तठीच बसते ना."

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात रंगमंचाच्या पुढच्या कडेला माणूस मावेल एवढा खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि वरच्यांना त्यांची वाक्यं सांगत जातो. इकडचे नट हंगामात आज या गावी तर उद्या त्या गावी, तालमीला सवड कोणाला? नाटकाच्या दिवशी गाडीतून उतरायचं, तोंडाला रंग लावायचा आणि खालून येईल ते वाक्य उचलून असं म्हणायचं, जणू आत्ताच काळजातून निघालं. खड्डा आहे म्हणून नाटक आहे. पण खड्ड्यावर प्रेक्षकांच्या बाजूनं फळीचं झाकण असतं, त्यामुळे आतला माणूस कोणाला दिसत नाही.

नंदाबाई वर्षभर फुगून होती. दुसऱ्या मंडईला मात्र ती हट्टानं बायकांच्या अगदी पहिल्या रांगेत, झाकणाला गुडघा लागेल अशी बसली. समोरचं नाटक तिनं फारसं पाहिलंच नाही. ती खालचं ऐकत होती. श्यामलालचा आवाज सपाट होता, किराण्याची यादी वाचावी तसा. रडायचं वाक्य असो, मारामारीचं असो, सगळं एकाच सुरात. पण कोणाला किती द्यायचं हे त्याला नेमकं ठाऊक. एकाला पहिले तीन शब्द पुरत, दुसऱ्याला अख्खं वाक्य दोनदा लागे. त्या वर्षी खलनायक दोन पानं गाळून थेट खुनावर गेला, तर श्यामलालनं त्याला अशा युक्तीनं मागे आणलं की खून झालेला माणूस पुन्हा उठून बोलला आणि लोकांना त्यात काही वावगंही वाटलं नाही.

"तुमी असं कोरडं काऊन सांगता?" तिनं घरी विचारलं.

"मी रडलो तं वरच्या बाईनं काय करावं? वाक्य कोरंच द्या लागते. रंग तिचा," श्यामलाल म्हणाला आणि बैलांना चारा टाकायला गेला.

त्या उत्तरावर नंदाबाई नवऱ्याच्या प्रेमात पडली, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. त्याला तर नाहीच. उलट चारचौघींत ती म्हणायची, "माह्या नवरा म्हंजे मशीन हाये वो बाई. बटन दाबलं का चालू, नाई तं बंद." पण मंडई संपल्यावर लोक चहाच्या टपरीवर हिरोचं नाव घ्यायचे, हिरोइनीचं घ्यायचे, तबलेवाल्याचंसुद्धा घ्यायचे आणि तिचा जीव तुटायचा. अठ्ठावीस वर्षं ती हेच ऐकत आली. दोन एकर ठेक्याची धानशेती, पोरीचं लग्न, सगळं तिनं नेटानं निभावलं, देवाकडे काही मागितलं नाही. एकच इच्छा होती. एकदा, मरायच्या आत एकदा, लोकांनी या माणसाला पाहावं.

यंदाचं नाटक सालेकसाच्या भूपेंद्र सरांनी लिहिलं होतं. सर कॉम्प्युटर शिकवायचे, त्यामुळे नाटकात यंत्रमानव आला. नाव ठेवलं 'मशीनराव जावई'. रोवणीला मजूर मिळत नाहीत म्हणून एक शेतकरी पुण्याच्या कंपनीतून रोबोट मागवतो. हा रोबोट चिखलात उभा राहून शुद्ध पुणेरी बोलतो, "आपण भोजन केलेत का?" म्हणून विचारतो आणि गावकरी पोट धरून हसतात. शेतकऱ्याची पोरगी झरना त्याला रोवणी शिकवते, शिव्या शिकवते, गाणं शिकवते आणि शिकवता शिकवता त्याच्यावरच भाळते. मग बाप पेटतो. पत्रिकेऐवजी सिरियल नंबर जुळवायचा का, इथपासून ते "नवऱ्याची वॉरंटी दोनच सालाची, मंग माह्या पोरीनं काय करावं?" इथपर्यंत नुसता गोंधळ. शेवटी बाप रोबोटला भंगारवाल्याला द्यायला निघतो, तेव्हा रोबोट पहिल्यांदाच पुणेरी सोडून गावच्या बोलीत आपल्या मनचं बोलतो आणि तिथं नाटक संपतं.

वही हाती आल्यावर श्यामलाल महिनाभर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ती मोठ्यानं वाचायचा आणि नंदाबाई सुपात तांदूळ पाखडत ऐकायची. वाचनही सपाटच. पण शेवटचं पान आलं की तिचा सुपावरचा हात थांबायचा.

"भूपेंद्र सरानं मशीन पाह्यली कोठी एवढी?" ती एकदा म्हणाली.

"कोणती मशीन?"

"काई नाई. वाचा तुमी."

झरनाच्या कामाला वडश्याची रेणू ठरली होती. पंचवीस वर्षं रंगमंचावर काढलेली बाई, या खड्ड्याच्या भरवशावर डोळे मिटून उभी राहणारी. बापाचं काम मंडळाचे अध्यक्ष बकारामजी स्वतः करणार होते, कारण अध्यक्ष झाल्यापासून बापाचं काम ते दुसऱ्याला देतच नसत. आणि मशीनरावाच्या कामाला गोंदियाचा इंद्रकुमार. बॅनरवर त्याचा फोटो सगळ्यांत मोठा. गोरापान, कुरळे केस, बायकांमध्ये चर्चा त्याचीच.

आता घोळ झाला तो पोशाखाचा. गावच्या टिनवाल्यानं तेलाचे पिपे कापून, ठोकून, चंदेरी रंग मारून झकास रोबोट बनवला. डोक्याला चौकोनी डबा, त्याला डोळ्यांच्या दोन फटी, छातीवर लाल दिवा. फक्त माप घ्यायला इंद्रकुमार हवा होता आणि तो तर नाटकाच्या दिवशीच उगवणार. टिनवाला म्हणाला, "माप तं द्या कोणाचं बी." सगळे कामात होते. वही घेऊन रिकामा बसलेला एकटा श्यामलाल. बकारामजींनी त्यालाच उभं केलं. माणसाच्या मापात असून असून किती फरक असणार, असा त्यांचा हिशेब.

दुसरी अडचण वाघाची. जंगलाच्या कडेला दोन वासरं गेली होती, तेव्हा अंधार पडल्यावर माणसं गोळा करायची नाहीत असं ठरलं आणि नाटक भर दुपारी दोनला ठेवलं. दिवसाउजेडी नाटक म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आली मात्र सगळी. दरेकसाकडची माणसं गाडीनं आली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आल्या, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

इंद्रकुमार एक वाजता पोचला. हसतमुख, सुगंधी, आणि पोट चांगलं हातभर पुढे आलेला. बॅनरवरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा होता.

टिनाचं धड त्याच्या डोक्यातून खाली उतरलं आणि छातीशी अडकलं. टिनवाल्यानं खाली ओढलं, बकारामजींनी वरून दाबलं. इंद्रकुमार ओरडला, "अरे भाऊ, ये क्या बनाया है? मी माणूस हाव का पापड?" मग धड वरही जाईना. दोघांनी तेल चोळून, उलटं धरून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या दोन्ही बगलांना खरचटलं होतं आणि बाहेर लोक शिट्या मारायला लागले होते.

बकारामजींनी रंगपटात चौफेर नजर फिरवली आणि ती श्यामलालवर येऊन थांबली. मापच त्याचं होतं, दुसरं कोणाला बसणार?

"श्याम, तूच घाल गा."

श्यामलाल एक पाऊल मागे सरला. "नाई जी. मले समोर बोलता येत नाई."

"अख्खी वही पाठ हाये तुले!"

"वही पाठ हाये. लोक नाई पाठ."

रेणूनं समजावलं, भूपेंद्र सरांनी हात जोडले. श्यामलाल नुसता मान हलवत होता. शेवटी बकारामजींनी नंदाबाईला आत बोलावलं. ती आली, तिनं एकेकाकडे पाहिलं आणि काय घडलं ते ऐकून घेतलं. अठ्ठावीस वर्षं मनात धरलेलं ते असं टिनात गुंडाळून समोर आलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिला कळलं, की लोक पाहतील असं म्हटलं तर हा माणूस पळून जाईल.

तिनं डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हा घातल्यावर कोणाले दिसते का तुमचं तोंड? कोणालेच नाई. खड्ड्यातच बसले हाव असं समजा. खड्डा जरा उभा हाये, बस."

श्यामलालनं डबा उलटापालटा करून पाहिला. मग तो हळूच म्हणाला, "पन कोणाले सांगजो नको. मी हाव म्हणून."

"नाई सांगत."

"शपथ?"

"शपथ," नंदाबाई म्हणाली. स्वतःच्या इच्छेवर स्वतःच माती टाकून ती बाहेर आली आणि पहिल्या रांगेत शेजारच्या धुरपताबाईजवळ बसली. बकारामजींनाही हेच हवं होतं. हिरो बदलला असं कळलं असतं तर ट्रॉल्या भरून आलेल्या लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या.

राहता राहिला खड्डा. भूपेंद्र सरांना रंगपट सांभाळायचा होता, तेव्हा वही वाचून दाखवायला मोकळा माणूस एकच उरला होता. इंद्रकुमार बिचारा मनाचा मोठा, रागावून निघून गेला नाही. "चलो, आज हम नीचे," म्हणत तो खड्ड्यात उतरला. पोटासकट मावायला जरा वेळ लागला एवढंच.

पडदा उघडला. पेटीतून मशीनराव बाहेर आला आणि थेट उन्हात उभा राहिला. छातीवरचा लाल दिवा लागला की नाही ते दिवसाउजेडी कोणालाच कळलं नाही. डब्यातून आवाज आला, "नमस्कार. आपण भोजन केलेत का?"

तोच सपाट, यादी वाचणारा आवाज. डब्यात घुमून माइकवर आल्यावर तो अस्सल यंत्राचा वाटला. लोक असे हसले की मागच्या बाभळीवरचे बगळे उडाले. नटांना हा आवाज काढणं जमलं नसतं. ते रंग भरल्याशिवाय राहूच शकत नाहीत. श्यामलालनं आयुष्यभर कोरं वाक्य दिलं होतं, ते आज त्याच्या कामी आलं.

"इंद्रकुमार का काम करून राहिला वो!" धुरपताबाईनं नंदाबाईच्या मांडीवर थाप मारली.

"हो ना," नंदाबाई म्हणाली आणि तिनं जीभ दातांखाली धरली.

खड्ड्यातून मात्र भलतंच चाललं होतं. इंद्रकुमारला सपाट सांगता येईना. तो खालून हुंदके देऊन, हातवारे करून सांगायचा, रेणूचं वाक्य स्वतःच इतकं रंगवायचा की ती बिचारी वरून बघतच राहायची. दहा मिनिटांत बकारामजी अडले. रोबोटवर डाफरायचं वाक्य होतं, आणि त्यांना शब्द आठवेना. खालून इंद्रकुमार पान शोधत होता. तेवढ्यात समोर उभ्या मशीनरावानं सवयीनं, जराही न हलता, मालकाला वाक्य दिलं, "या घरात आता मशीन राहीन नाई तं मी राहीन."

"या घरात आता मशीन राहीन नाई तं मी राहीन!" बकारामजी गरजले.

लोक बेभान झाले. "अबे, मालकाच्या पोटातलं समजते त्याले!" मागून कोणीतरी ओरडलं. श्यामलालला काय झालं ते उमगलंच नाही. तो तर आपलं नेहमीचं काम करत होता. पुढे प्रत्येकाची गाडी अडली की डब्यातून वाक्य यायचं. रेणूला पहिले तीन शब्द, बकारामजींना अख्खं वाक्य दोनदा. भंगारवाला भाव करताना अडला तर भंगारात निघालेल्या रोबोटनंच त्याला आपला भाव सांगितला. रंगपटाच्या फटीतून भूपेंद्र सर पाहत होते. हे सगळं आपण लिहिलेलं नाही आणि लिहिलेल्यापेक्षा बरं आहे, एवढं त्यांना कळत होतं.

नंदाबाई हसता हसता डोळे पुसत होती. एवढ्या लोकांना एकटा माणूस तोलून धरतो आहे, तेही त्या भट्टीसारख्या तापलेल्या टिनात उभा राहून. टिनाखालून घामाचा ओघळ त्याच्या पावलांवर येताना तिला दिसत होता. आणि सभोवती एकच नाव. बायका म्हणत होत्या इंद्रकुमार, पोरं ओरडत होती इंद्रकुमार. अठ्ठावीस वर्षं लोकांना माहीत नव्हतं ते एक, पण आज समोर पाहूनही दुसऱ्याचंच नाव? एकदा तर तिनं तोंड उघडलंच होतं. मग शपथ आठवली आणि तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलं.

शेवटचा प्रवेश आला. भंगारवाल्यानं रोबोटच्या कमरेला दोर बांधला. रेणू मध्ये आली. अर्ध्या उन्हात, अर्ध्या सावलीत उभी राहून ती म्हणाली, "जाशील ना? जा. पन एकदा सांगून जा. आपल्या तोंडानं सांग. तुह्या पोटात माह्यासाठी काई होतं का नाई?" रेणू ती रेणूच. कोरं वाक्य घेऊन तिनं ते असं रंगवलं की पहिल्या रांगेत बायकांच्या नाकांचे आवाज यायला लागले.

आता मशीनरावाचं वाक्य. अख्खं नाटक ज्यासाठी चाललं होतं ते.

मशीनराव बोलेना.

दोर धरलेला भंगारवाला थांबला. रेणूनं पापणीही हलवली नाही. खड्ड्यात इंद्रकुमार वही मांडीवर टाकून, तोंड उघडं ठेवून रेणूकडे पाहत राहिला होता. एवढी वर्षं तिच्यासोबत कामं केली, पण तेव्हा तो आपल्याच वाक्याच्या काळजीत असायचा. तिला खालून, नुसतं पाहायला त्याला आज पहिल्यांदा मिळत होतं आणि आपण इथं कशाला बसलो आहोत हे तो साफ विसरला.

लोक चुळबुळले. "बॅटरी उतरली बे!" एक जण ओरडला. हशा झाला, पण या वेळचा हशा वेगळा होता, नंदाबाईला तो टोचला. दोन मिनिटं हे असंच चाललं असतं तर शिट्या आल्या असत्या, मग चपला. आणि तो माणूस पुन्हा कधी खड्ड्यातसुद्धा उतरला नसता.

तिनं पदर तोंडातून काढला. "कंपनीनं माह्या अंगात सारंच भरलं!" ती बसल्या जागेवरून शेवटच्या पानावरचं वाक्य म्हणाली.

धुरपताबाई दचकली. डबा हळूच नंदाबाईच्या दिशेनं वळला.

"सारंच भरलं!" ती आणखी मोठ्यानं म्हणाली. "रोवणी भरली, कापणी भरली, निंदण भर..."

"निंदण अगोदर," डब्यातून सपाट आवाज आला. माइक चालूच होता. "कापणी मंग."

सगळी बांधी खदखदली. जन्मभर धान केलेली माणसं ती, कापणीनंतर निंदण काढणारी बाई पाहून त्यांना हसू आवरेना. नंदाबाई चरफडली, कारण आता तिला कळलं. हा विसरलेला नव्हता. एक अक्षर विसरलेला नव्हता. खालून कोणीतरी सांगितल्याशिवाय वरच्यानं बोलायचं असतं हे त्याच्या अठ्ठावीस वर्षांत त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो आपला, सांगायची वाट पाहत उभा होता.

"कोण व्हय वो तू?" मागून आवाज आला. "नाटक चालू दे ना!"

"इंद्रकुमारले शिकवून राहिली!"

तेव्हा नंदाबाई उठली. शपथ बिपथ गेली कुठल्या कुठे. तिनं कमरेला पदर खोचला, लोकांकडे तोंड केलं आणि अठ्ठावीस वर्षं घशाशी अडकलेलं एका दमात बाहेर काढलं. "इंद्रकुमार नाई तो! त्या डब्यात माह्या नवरा हाये! आजवर तुमी जेवढी नाटकं पाह्यली ना, तेवढी त्यानंच सांगितली, खाली बसून! त्याच्या सांगण्यावर तुमी रडले आन त्याचं नाव बी नाई माहीत तुमाले! श्यामलाल नाव हाये त्याचं!"

बकारामजींनी डोळे मिटून घेतले. आता खुर्च्या येणार, असं त्यांना वाटलं.

"मंग डबा काढ म्हणा!" मागचा तोच माणूस ओरडला. "पाहू तं दे!"

"काढ डबा!" ट्रॉल्यांवरून आलं. "काढ! काढ डबा!" सगळी बांधी टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागली.

श्यामलाल हलला नाही. रेणू त्याच्याजवळ गेली आणि तिनं हात पुढे केले. मग त्यानंच दोन्ही हातांनी डबा धरला आणि हळूहळू वर उचलला. आतून पन्नाशी ओलांडलेला, घामानं निथळणारा, उन्हात डोळे किलकिले करणारा एक साधा माणूस बाहेर आला. केस डोक्याला चिकटलेले, कपाळावर टिनाचा लाल वळ. टाळ्या वाजायच्या थांबल्या. ट्रॉल्यांवरची माणसं उभी राहून पाहत होती. खड्ड्यातून इंद्रकुमारनं वर मान काढली, तोही पाहत होता.

श्यामलालनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो नंदाबाईकडे पाहत होता, जसे खड्ड्याकडे नजर लावून नट उभे राहतात तसा. आणि मग त्यानं आपलं वाक्य म्हटलं. त्याच सपाट आवाजात, एकही शब्द न हलवता.

"कंपनीनं माह्या अंगात सारंच भरलं. रोवणी भरली, निंदण भरलं, कापणी भरली. मन भराचं तेवढं राहून गेलं. ते तू भरलं, वो. रोज थोडं थोडं. मले समजलं नाई, पन भरत गेलं. आता भंगारात देल्लं तरी ते निंगत नाई."

रेणू अर्धं पाऊल मागे सरली होती. आता वाक्य तिचं होतं, झरनाचं शेवटचं, आणि ते आल्याशिवाय पडदा पडणार नव्हता. पण ती तोंड मिटून उभी राहिली. पंचवीस वर्षांत रेणूनं पहिल्यांदा आपलं वाक्य सोडून दिलं आणि त्याहून मोठं काम तिनं त्या हंगामात केलं नाही.

नंदाबाई तशीच उभी. तिच्याजवळ बोलायला एवढं होतं, आणि आता एक शब्द फुटेना. डोळ्यांना धार लागली होती, सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं.

श्यामलाल थोडा पुढे वाकला. कोणी अडलं की तो थांबू शकत नसे.

"आता तुह्या शब्द हाये," तो हळू म्हणाला, पण माइकवर सगळ्यांनी ऐकलं. मग त्यानं झरनाचं वाक्य तिला दिलं, "चाल घरी, भात निवते."

नंदाबाईनं डोळे पुसले. "चाला जी घरी," ती म्हणाली, ट्रॉल्यांपर्यंत ऐकू जाईल अशी. "भात निवते."